स्वामिनिष्ठ वकील रंगो बापूजी

परदेशीं वकिली म्हटली कीं, बॅरिस्टरीची पदवी व तिजबरोबर येणारा मानमरातब आम्हांस आठवतो. रंगो बापूजी गुप्ते यांस यांपैकीं कांहींच लाभलें नाहीं. ते आपल्या सातारा प्रांताचे. आणि इस्लामपूर १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच असल्यामुळें ही कथा आम्ही घरचीच समजतों.

१८३९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें राजद्रोहाचा आरोप ठेवून छत्रपति प्रतापसिंह महाराजांस पदच्युत केलें व काशीस पाठविलें. महाराजांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी विलायतेस गेले. ते कायद्याचे पदवीधर नव्हते; धन्याचा मुखत्यार या जुन्या अर्थानें वकील होते. लंडनमध्यें त्यांनीं इंग्रजी आत्मसात केली, कंपनीकडे अर्जांमागून अर्ज केले, आपलें म्हणणें छापून लोकांपुढें ठेविलें आणि जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्प्सन यांसारख्या न्यायप्रिय इंग्रजांस आपल्या बाजूस वळविलें.

१८४७ त महाराज काशीस वारले. १८४८ त राज्यहि खालसा झालें. ज्यांचें वकीलपत्र घेतलें ते गेले, पैसा सरला, तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. सुमारें चौदा वर्षांनंतर, १८५३ त, ते विन्मुख परतले.

१८५७ च्या साताऱ्याच्या कटांत त्यांचे पुत्र सीताराम यांस देहान्त शासन झालें. रंगो बापूजी मात्र निसटले, ते पुन्हां कोणासच सांपडले नाहींत.

त्यांचा दावा फेटाळला गेला. पण घेतलेलें वकीलपत्र त्यांनीं कधींहि खालीं ठेविलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें वकील होतील त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.