पाद्री स्टीफन्स आणि त्यांचा वंश

ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या कुळाचा माग काढण्याची हौस पुष्कळांस होते. बाप्तिस्म्याचीं जुनीं पुस्तकें उघडलीं जातात, आडनांवें जुळविलीं जातात, आणि आपलें मूळ एखाद्या गोऱ्या घराण्याशीं जाऊन भिडावें अशी इच्छाहि कोणाच्या मनांत डोकावते. वास्तविक पोर्तुगीज आडनांवें आमच्या पूर्वजांस बहुधा धर्मपित्याकडून किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीकडून मिळालीं. तीं रक्ताचा पुरावा नव्हेत. म्हणून हिंदुस्थानांत स्थायिक झालेल्या पहिल्या ज्ञात इंग्रजाचें चरित्र या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन येथें झाला. वडील लंडनचे व्यापारी होते. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत कॅथलिकांस तेथें मोकळेपणानें राहणें कठीण झालें होतें. स्टीफन्स रोम शहरीं गेले व १५७५ सालीं येशूसंघांत शिरले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेलें त्यांचें गलबत २४ आक्टोबरास गोव्यास लागलें. वडिलांस त्यांनीं प्रवासाची हकीकत कळविली. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापलेंहि गेलें. १५८३ सालीं न्यूबेरी, फिच आदि इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगांत पडले, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं खटपट करणाऱ्यांत हे पाद्री होते. मायदेशीं मात्र ते पुन्हां गेले नाहींत.

सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं गोव्यांत, बहुतेक साष्टी महालांत, घालविलीं. नव्या ख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्या जागीं कानांस गोड लागेल असें कांहींच मिळालें नव्हतें. ही उणीव ओळखून त्यांनीं मराठींत सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. देवनागरी खिळे नसल्यामुळें तें १६१६ सालीं रोमन लिपींत राशोल येथें छापलें. १६१९ सालीं त्यांनीं गोव्यांतच देह ठेविला. त्यांचें कोकणीचें व्याकरण मरणोत्तर, १६४० सालीं, प्रसिद्ध झालें. हिंदुस्थानांतील कोणत्याहि भाषेचें तें पहिलें छापील व्याकरण होय.

पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. तरी लोकांनीं ख्रिस्तपुराण हातानें नकलून जपलें, आणि १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापलें गेलें.

या इंग्रजास पुत्र नव्हता, नातू नव्हता. कोणत्याहि नोंदवहींत त्याचें कूळ सांपडणार नाहीं. परंतु ज्या घरीं सायंकाळीं आपल्या भाषेंत प्रार्थना होते, तें घर त्याच्या वंशांतलें आहे असें आम्ही समजतों. आपल्यांपैकीं पुष्कळांचे पूर्वज गोव्याहूनच या मालवण किनाऱ्यास आले. त्यांचा शोध अवश्य करावा. मात्र मुलांस मायबोलींत प्रार्थना शिकविण्याचें राहून गेलें, तर हा वंश आपल्याच उंबऱ्यांत खुंटेल, इतकें ध्यानांत असावें.