एक्स्प्लेनर: टिळकांना दोषी ठरवणारी ज्युरी कशी निवडली गेली?

लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये ६ वर्षांची शिक्षा झाली, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यांना दोषी कोणी ठरवलं?

पहिला खटला, १८९७
रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या टिळकांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत ६ युरोपियन, ३ भारतीय. निकाल ६ विरुद्ध ३. एकमताची अट नव्हती. १८ महिने सक्तमजुरी झाली.

दुसरा खटला, १९०८
मुझफ्फरपूर बॉम्बस्फोटानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून अटक झाली. सरकारने ‘स्पेशल ज्युरी’ मागितली. अशा ज्युरीत युरोपियनांचंच बहुमत होणार, म्हणून बचाव पक्षाने विरोध केला. न्या. दावर यांनी तो फेटाळला. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते.

ज्युरीत ७ युरोपियन आणि २ पारशी आले. लेख मराठीत होते, ज्युरीपुढे इंग्रजी भाषांतर. टिळकांनी स्वतः सुमारे २१ तास बाजू मांडली, भाषांतरातल्या चुका दाखवल्या. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला: ७ विरुद्ध २. दुसऱ्या दिवशी ते ५२ वर्षांचे झाले. मुंबईत गिरणी कामगारांनी ६ दिवस संप केला.

पुढे काय झालं?
मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. १९१४ मध्ये सुटका झाली. १९१६ मध्ये भाषणांवरून पुन्हा कारवाई झाली, पण या वेळी ज्युरी नव्हती. जीनांनी बाजू मांडली आणि हायकोर्टाने मॅजिस्ट्रेटचा आदेश रद्द केला. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचं निधन झालं.

मुद्दा काय?
ज्युरी फिरवायला लाच किंवा धमकी लागतेच असं नाही. ज्युरीत कोण बसणार हे ठरलं, की बरंचसं ठरून जातं.