सुलतान खान यांचे एक प्यादे

हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेत पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांचा ६५ चालींत पराभव केला. डावाचा आरंभ ‘क्वीन्स इंडियन’ पद्धतीचा होता. पाचव्या चालीस खान यांनी वजिराच्या बाजूचे अगदी कडेचे प्यादे अवघे एक घर पुढे सरकवले. वरवर पाहता हा वेळेचा अपव्ययच. वस्तुतः काळ्या उंटाने पुढे येऊन पांढऱ्या घोड्याला जखडून टाकू नये, ही त्यामागील योजना होती. भारतीय बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जाते; त्या खेळात वाढलेल्या माणसाला संथ चालीचे वावडे असण्याचे कारण नव्हते. पुढे कापाब्लांका यांनी दोन हत्ती देऊन वजीर घेतला, परंतु खान यांनी पटावरील पकड सुटू दिली नाही.

या पद्धतीला कालांतराने नाव मिळाले ते सोव्हिएत जगज्जेते पेट्रोसियन यांचे.

सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने १९२९ मध्ये खान इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी मिळवले. १९३२ व १९३३ मध्येही ते त्यांच्याकडेच आले. पाश्चात्त्य लेखकांनी मात्र त्यांची ‘निरक्षर नोकर’ अशी प्रतिमा रंगविली. त्यांच्या कुटुंबीयांनी ती अमान्य केली आहे, आणि ते योग्यच होय. असल्या चित्रात बुद्धीपेक्षा नवलाईलाच अधिक मान मिळतो.

१९३३ च्या अखेरीस ते मायदेशी परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांपैकी एकच बरोबरीत सुटला. उरलेले नऊ खान यांनी जिंकले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय पटावर ते दिसले नाहीत.

१९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने ग्रँडमास्टर हा किताब प्रथम दिला, तेव्हा रुबिनस्टाइन, मारोझी अशा निवृत्त खेळाडूंचाही गौरव झाला. खान त्या वेळी हयात होते, पण यादीत नव्हते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे नागरिक झाले होते. त्यांची बाजू मांडण्यास ना लंडन पुढे आले, ना दिल्ली, ना कराची. १९६६ मध्ये सरगोधा येथे त्यांचे निधन झाले. महासंघाने सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब त्यांना दिला तो २०२४ मध्ये.