डोळ्याच्या आत दिवा नेणारे हेल्महोल्ट्झ

साठी उलटलेला माणूस डोळे दाखवायला गेला की आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, मग थेंब घालून बाकावर बसवून ठेवतात. बाहुली मोठी झाली की डॉक्टर उजेड टाकून आत बघतात. त्यांना दिसतो डोळ्याचा पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं टोक. १८५० पर्यंत जिवंत माणसाच्या डोळ्यात हे कुणालाच नीट दिसत नव्हतं. ते दाखवलं हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा. वडील शिक्षक. पोराला ओढ भौतिकशास्त्राची, पण घरात पैसा बेताचा. लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण फुकट होतं, बदल्यात सैन्यात डॉक्टरकी करायची. म्हणून ते डॉक्टर झाले. १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहून नाव कमावलं आणि १८४९ मध्ये क्योनिग्जबर्गला प्राध्यापक झाले.

तिथे विद्यार्थ्यांना शिकवण्याची तयारी करताना एक प्रश्न पुढे आला. बाहुली काळी का दिसते? आत गेलेला उजेड आल्या वाटेनेच दिव्याकडे परततो. तो बघायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा, आणि तिथे डोकं घातलं की उजेडच अडतो! हेल्महोल्ट्झ यांनी काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. दिव्याचा थोडा उजेड काचेवरून वळून रुग्णाच्या डोळ्यात जायचा आणि परतताना त्यातला काही काचेतून आरपार त्यांच्या डोळ्यात यायचा. पुठ्ठा, डिंक, चष्म्याची भिंगं, एवढ्यावर पहिलं यंत्र उभं राहिलं. १८५१ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तिका काढली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आधीच असं एक उपकरण केलं होतं, पण ज्या नेत्रवैद्याला दाखवलं त्याला त्याचं मोल कळलं नाही. पारख नसली की असं होतं.

बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी हे यंत्र लगेच उचललं. काचबिंदूत नसेचं टोक खोलगट होतं, पण एका डोळ्याने बघताना खोली कळत नाही, त्यामुळे सुरुवातीला तो फुगवटाच वाटला. चूक लवकरच सुधारली. हे महत्त्वाचं, कारण काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते. आजोबा भिंतीवरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचतात, दुखत काहीच नाही, आणि आत नस मरत असते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची तर आत बघायलाच हवं. उतारवयात पडद्याचा मधला भाग झिजतो, त्याच्या खुणाही अशाच सापडतात.

आपल्या चाळिशीचा उलगडाही बराचसा त्यांचाच. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं, हे त्यांनी भिंगावर पडणाऱ्या प्रतिबिंबांचा आकार मोजून दाखवलं. वयाबरोबर भिंग कडक होतं, फुगेनासं होतं आणि पेपर लांब धरावा लागतो.

पुढे बॉन, हायडेलबर्ग, १८७१ पासून बर्लिन. तिथे ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले, म्हणजे पोरवयातली इच्छा पन्नाशीत पुरी झाली. १८९३ मध्ये अमेरिकेहून परतताना ते जहाजावर पडले आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी वारले. आता ओसीटी यंत्रं पडद्याचा थर न् थर दाखवतात, तरी नेत्रतज्ज्ञांच्या टेबलावर हातात धरायचा ऑप्थाल्मोस्कोप अजून असतोच.