दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जातात. निर्मिती, पटकथा, दिग्दर्शन आणि संकलन ही सर्व कामे त्यांनी स्वतः केली.

पूर्वायुष्य

फाळके यांचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात व बडोद्याच्या कलाभवनात झाले. छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग या तिन्ही विद्या त्यांना अवगत होत्या. जादूगार म्हणून ते आडनावाची अक्षरे उलटवून केळफा हे नाव लावीत. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिल्यावर आपल्या पुराणकथाही पडद्यावर याव्यात, या ध्यासाने त्यांना पछाडले. रात्रंदिवस चाललेल्या प्रयोगांमुळे त्यांची दृष्टी काही काळ गेली होती. उपचारांनी ती परत आली. १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा व इतर यंत्रसामग्री खरेदी करून परतले.

चित्रपटनिर्मिती

भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी रोपट्याच्या वाढीचा लघुपट तयार केला. एकेक चौकट ठरावीक अंतराने टिपल्यामुळे अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. चित्रपटातील काळ हा घड्याळातील काळाहून वेगळा असतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्यानंतर दादर येथे चित्रित झालेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

पत्नी सरस्वतीबाई यांनी भांडवलासाठी दागिने दिले. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे ही कामे त्या करीत. फिल्मचे तुकडे जोडण्यातही त्यांचा हातभार असे. शिवाय साऱ्या चमूच्या जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडेच होती. त्यांच्या या वाट्याची दखल मात्र फार उशिरा घेतली गेली.

संकलनाची दृष्टी

मूकपटात संवाद ऐकू येत नसल्याने कथेचा अर्थ दृश्यांच्या क्रमातून आणि मधल्या मजकुराच्या पाट्यांतून पोहोचवावा लागे. कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू करणे व फिल्म कापून जोडणे या युक्तींनी फाळके यांनी देवांचे प्रकट होणे व अंतर्धान पावणे साकारले. 'लंका दहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. वेगवेगळी चित्रित केलेली दृश्ये जोडल्यामुळेच एक नट प्रेक्षकांना दोन भिन्न व्यक्ती म्हणून प्रतीत झाला.

'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. त्यात पाण्याखालील झुंज आणि काठावरचे व्याकूळ गोकुळवासी आलटूनपालटून दाखवले आहेत. झुंज सलग दाखवली असती तर ती केवळ चमत्कार ठरली असती. काठावरच्या मुद्रा मधे आल्याने प्रेक्षकही त्या गर्दीत उभा राहून कृष्णाची वाट पाहू लागतो. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा लघुपटही फाळके यांनी १९१७ मध्ये केला.

उत्तरकाळ

१९१८ मध्ये नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. भागीदारांशी मतभेद झाल्याने ते कंपनी सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले. १९३१ मध्ये 'आलम आरा'पासून बोलपटांचे युग सुरू झाले. दृश्याला ध्वनीची जोड आल्याने संकलनाची रीतही बदलली आणि केवळ चित्रांतून कथा सांगणारी फाळके यांची शैली मागे पडली. मूक चित्रित झालेल्या 'सेतुबंधन'ला नंतर ध्वनी जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. अखेरची वर्षे त्यांनी नाशिकमध्ये आर्थिक विवंचनेत काढली.

वारसा

भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ १९६९ पासून दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. त्यांच्या नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी बहुतेक नष्ट झाले असून काहींचे केवळ तुकडे उरले आहेत. त्यामुळे दृश्ये जोडून अर्थ घडवणाऱ्या या कलावंताचे कार्य आज अभ्यासकांना विखुरलेल्या तुकड्यांवरूनच जाणून घ्यावे लागते.