मिसेस बीटन : जिच्या पुस्तकातून इंग्लंडच्या पिढ्या स्वयंपाक शिकल्या, ती बाई २८ व्या वर्षीच गेली होती

आज जेवायला काय करायचं? हा प्रश्न प्रत्येक घरात रोज पडतो. मग कोणी यूट्यूबवर रेसिपी शोधतं, तर कोणी एखाद्या प्रसिद्ध शेफचं पुस्तक उघडतं. त्यात वर साहित्याची यादी असते, खाली कृती असते. किती वेळ लागेल आणि किती जणांना पुरेल हेही लिहिलेलं असतं. ही मांडणी आता इतकी सवयीची झालीये की ती कधीकाळी नवीन होती, हे डोक्यातही येत नाही.

ही मांडणी घरोघरी पोहोचवण्यात लंडनच्या एका बाईचा मोठा वाटा होता. तिचं नाव इसाबेला बीटन.

इंग्लंडमध्ये मिसेस बीटन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जाडजूड, पिकल्या केसांची, आयुष्यभर चुलीपुढे उभी राहिलेली आजीबाई यायची. प्रत्यक्षात तिचं पुस्तक आलं तेव्हा ती २५ वर्षांची होती आणि ती गेली तेव्हा २८ वर्षांची. आणखी गंमत म्हणजे ती काही मोठी सुगरण नव्हती. ती होती संपादक.

२१ भावंडांचं घर

इसाबेलाचा जन्म १४ मार्च १८३६ चा, लंडनमधला. वडील बेंजामिन मेसन कापडाचे व्यापारी होते. ती लहान असतानाच ते वारले आणि चार मुलं पदरात असलेल्या आईने १८४३ मध्ये हेन्री डॉर्लिंग या विधुराशी लग्न केलं. डॉर्लिंगलाही पहिल्या बायकोपासून चार मुलं होती. पुढे या दोघांना आणखी १३ झाली. म्हणजे एकूण २१ मुलं.

डॉर्लिंग एप्सम इथल्या घोड्यांच्या शर्यतींचा कारभार पाहायचा. घरात एवढी मुलं मावणार कुठे? म्हणून शर्यती नसतील तेव्हा मुलांना आजीसोबत चक्क रेसकोर्सच्या ग्रँडस्टँडमध्ये ठेवलं जायचं. इसाबेला मोठी मुलगी असल्याने धाकट्यांचं जेवणखाण, अंघोळी आणि भांडणं यांचा बराचसा भार तिच्यावर पडायचा. घर चालवणं म्हणजे आधी नियोजन, हा धडा तिला असा लहानपणीच मिळाला.

पुढे तिला शिक्षणासाठी जर्मनीतल्या हायडेलबर्गला पाठवलं गेलं. तिथे ती जर्मन, फ्रेंच आणि पियानो शिकली. केक-पेस्ट्री बनवायची गोडीही तिथेच लागली. परत आल्यावर एप्समच्या एका बेकरीवाल्याकडे तिने पेस्ट्रीचे धडे घेतले. तिचं स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण म्हणायचं तर एवढंच.

लग्न प्रकाशकाशी, संसार मासिकाचा

१० जुलै १८५६ रोजी तिचं लग्न सॅम्युअल बीटनशी झालं. सॅम तरुण आणि धाडसी प्रकाशक होता. अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये छापणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याचं नाव होतं. त्याच वर्षी त्याने मध्यमवर्गीय बायकांसाठी 'इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझीन' हे स्वस्त मासिक काढलं होतं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच इसाबेला या मासिकात स्वयंपाकाचं सदर लिहायला लागली. सुरुवात डळमळीतच होती. तिच्या सुरुवातीच्या एका केकच्या कृतीत अंडी सांगायचीच राहून गेली, असा किस्सा सांगितला जातो.

मे १८५७ मध्ये तिला पहिला मुलगा झाला. तीन महिन्यांतच तो गेला. त्यानंतर तिने कामात स्वतःला बुडवून घेतलं. ती सॅमसोबत रेल्वेने लंडनच्या ऑफिसात जायची. ऑफिसला जाणाऱ्या पुरुषांनी भरलेल्या त्या डब्यांत कामावर निघालेली मध्यमवर्गीय बाई दिसणं तेव्हा दुर्मीळ होतं. १८६० मध्ये दोघं पॅरिसला गेले आणि तिथून मासिकासाठी फॅशनची रंगीत चित्रं मिळवायची सोय करून आले. घरी कपडे शिवता यावेत म्हणून मासिकातून कटिंगचे नमुनेही दिले जाऊ लागले.

पुस्तकाची गरज का पडली?

तो काळ इंग्लंडमध्ये झपाट्याने बदलाचा होता. कारखाने वाढत होते, रेल्वे पसरत होती. नोकरी-धंद्यासाठी तरुण जोडपी आईवडिलांपासून लांब, शहराच्या कडेला नव्या वस्त्यांमध्ये राहायला येत होती. नवऱ्याचा पगार बरा होता, घरात एखादी मोलकरीणही होती. पण कोणता मासा कधी घ्यायचा, सहा माणसांना किती मटण लागतं, मोलकरणीला पगार किती द्यायचा, हे सांगायला शेजारी आई किंवा सासू नव्हती.

ही जागा बीटन दांपत्याने हेरली. १८५९ पासून दर महिन्याला ३ पेन्सला एक अशा छोट्या भागांमध्ये 'बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट' येऊ लागलं आणि १ ऑक्टोबर १८६१ रोजी ते एकत्र पुस्तकरूपात बाजारात आलं. १,११२ पानं, त्यातली ९०० हून जास्त पाककृतींची. बाकीच्या पानांत नोकरांची कामं, मुलांचं संगोपन, आजार आणि कायद्याच्या गोष्टी होत्या. पहिल्याच वर्षी ६०,००० प्रती खपल्या.

चांगलं जेवण मिळालं नाही की पुरुष क्लबात आणि खानावळीत जातात, घरात कुरबुरी वाढतात, अशी भूमिका तिने प्रस्तावनेत मांडली होती. आज हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावतील. पण घर चालवणं हेही डोकं लावून करायचं काम आहे, हेसुद्धा तिने त्याच पुस्तकात ठासून सांगितलं. घरातल्या बाईची तुलना तिने थेट सेनापतीशी केली होती.

आठवड्याचा मेन्यू, १८६१ चा

या पुस्तकाचं खरं बळ नियोजनात होतं. प्रत्येक कृतीत साहित्य आधी, मग कृती, मग लागणारा वेळ, अंदाजे खर्च, किती जणांना पुरेल आणि कोणत्या महिन्यांत करावं, असा एकच साचा होता. पदार्थ वर्णक्रमाने लावले होते. त्यामुळे घाईत पुस्तक उघडलं तरी हवं ते सापडायचं.

शिवाय बाराही महिन्यांचे मेन्यू होते. १८ पाहुण्यांच्या मेजवानीपासून ते घरच्या साध्या जेवणापर्यंत. घरच्या मेन्यूत रविवार ते शनिवार रोजचं जेवण ठरवून दिलेलं.

जानेवारीचंच बघा. रविवारी उकडलेला टर्बट मासा, भाजलेलं डुकराचं मांस आणि फळांचा टार्ट. सोमवारी उरलेला मासा सॉसमध्ये गरम करायचा, मांस थंडच वाढायचं आणि टार्टच्या उरलेल्या कणकेतून जॅम टार्ट करायचा. मंगळवारी मटण उकडायचं आणि त्याच पाण्यात थोडा तांदूळ किंवा बार्ली शिजवून आधी सूप म्हणून वाढायचं. रात्रीच्या पोळीची सकाळी फोडणीची पोळी करणाऱ्या घराला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

सगळंच काही अनुकरणीय नव्हतं. मॅकरोनी दीड ते पावणेदोन तास शिजवा, मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास उकडा, असे सल्लेही त्यात आहेत.

पुस्तकात भारतही आहे. करी पावडर आहे, वेगवेगळ्या करी आहेत आणि बंगाली पद्धतीची आंब्याची चटणीही आहे. फक्त तिच्या साहित्यात आंबाच नाही. त्याऐवजी ३० मोठी, कच्ची, आंबट सफरचंदं घ्यायला सांगितली आहेत. इंग्लंडमध्ये कैरी कुठून आणणार? म्हणून आंब्याचं फक्त नाव उरलं.

मग कृती कोणाच्या होत्या?

हा या गोष्टीतला अवघड भाग आहे. पुस्तकातल्या बहुतेक कृती इसाबेलाच्या नव्हत्या. काही मासिकाच्या वाचकांनी पाठवलेल्या, तर बऱ्याचशा आधीच्या पुस्तकांतून उचललेल्या होत्या. सगळ्यात जास्त नुकसान झालं ते एलायझा ॲक्टनचं.

ॲक्टन कवयित्री होती. तिने १८४५ मध्ये 'मॉडर्न कुकरी' हे पुस्तक काढलं. त्यात तिने साहित्य मोजूनमापून, वेळेसकट दिलं होतं, फक्त कृतीच्या शेवटी. आपल्या कृती लोक नाव न घेता छापतात, ही तक्रार तिने बीटनचं पुस्तक येण्याआधीच केली होती. १८५९ मध्ये ती वारली. म्हणजे तिची पद्धत आणि तिच्या कृती दुसऱ्या नावाने लाखो घरांत गेल्या, तेव्हा बोलायला ती नव्हतीच.

इसाबेलाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठामागच्या पानावर तिने स्वतःला लेखिका नाही, तर संपादक म्हटलं होतं. हजारो विस्कळीत नोंदी गोळा करणं, त्यांना एका साच्यात बसवणं, खर्च काढणं आणि महिनावार मेन्यू लावणं हे चार वर्षांचं काम होतं. इतका व्याप होईल हे आधी माहीत असतं तर हे हाती घ्यायचं धाडस झालं नसतं, असं तिने प्रस्तावनेतच कबूल केलं. पण ज्यांच्याकडून घेतलं त्यांची नावं दिली नाहीत, हेही तितकंच खरं.

तिची स्वतःची म्हणावी अशी एक कृती मात्र पुस्तकात आहे. गरिबांसाठीचं सूप. १८५८ च्या हिवाळ्यात ती दर आठवड्याला घरच्या मोठ्या तांब्याच्या हंड्यात ८ ते ९ गॅलन, म्हणजे सुमारे ४० लिटर सूप करायची आणि गावातल्या डझनभर कुटुंबांना वाटायची. मांसाचे तुकडे, हाडं, कांदे, गाजरं, सलगम आणि तांदूळ किंवा बार्ली, असं ते सूप. त्याचाही खर्च तिने नेमका लिहून ठेवलाय.

मरण आलं, पण नाव मेलं नाही

यशाच्या या काळात घरात मात्र दुःख थांबत नव्हतं. १८५९ मध्ये झालेला दुसरा मुलगा ३१ डिसेंबर १८६२ रोजी स्कार्लेट फीव्हरने गेला. बरोबर एका वर्षाने, ३१ डिसेंबर १८६३ ला, तिसऱ्या मुलाचा जन्म झाला.

२९ जानेवारी १८६५ रोजी चौथा मुलगा झाला. त्या सुमारास ती 'डिक्शनरी ऑफ कुकरी' या पुढच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होती. बाळंतपणानंतर तिला ताप भरला. तो होता सूतिका ज्वर, म्हणजे बाळंतपणात होणारा जंतुसंसर्ग. डॉक्टर आणि सुईणींच्या न धुतलेल्या हातांवाटे तो पसरायचा. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्येच हात धुण्याचा आग्रह धरला होता, पण वैद्यकीय जगाने ते मनावर घेतलं नव्हतं. घर स्वच्छ कसं ठेवायचं हे देशाला सांगणारी बाई ६ फेब्रुवारी १८६५ रोजी, बाळ आठ दिवसांचं असताना गेली. दोन्ही लहान मुलं जगली.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ओव्हरएंड गर्नी ही मोठी वित्तसंस्था बुडाली आणि आधीच कर्जात असलेला सॅम पुरता अडचणीत आला. त्याने सगळ्या प्रकाशनांचे हक्क 'वॉर्ड, लॉक अँड टायलर' या कंपनीला विकले आणि तिथेच पगारावर काम धरलं. १८७७ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी तोही क्षयाने गेला.

इथून पुढे मिसेस बीटन हे माणसाचं नाव राहिलं नाही, तो ब्रँड झाला. ती गेली आहे याचा गाजावाजा नव्या मालकांनी केला नाही. नव्या आवृत्त्या येत राहिल्या, जुन्या कृती बदलल्या गेल्या, नव्या घुसवल्या गेल्या. जिच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता, अशा पुस्तकांवरही तिचं नाव आलं. दर काही वर्षांनी मिसेस बीटन काहीतरी नवीन सांगतेय म्हटल्यावर ती म्हातारी असणार, असं लोकांनी गृहीत धरलं.

१९३२ मध्ये तिच्या धाकट्या मुलाने, म्हणजे जिच्या मांडीवर तो फक्त आठ दिवस होता त्या आईचा फोटो त्याने, लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला दिला. ती आजीबाई विशीतली तरुणी होती, हे बघून अनेक जण चाट पडले.

आज सेलिब्रिटी शेफच्या पुस्तकामागे कृती तपासणारे, लिहिणारे आणि फोटो काढणारे असे कितीतरी हात असतात. मुखपृष्ठावर नाव मात्र एकाचंच. मिसेस बीटनच्या बाबतीत हा हिशोब दोन्हीकडून चुकला. तिने ॲक्टनचं नाव गाळलं आणि मग प्रकाशकांनी तिचं नाव ठेवून तिलाच गाळलं. त्यामुळे रविवारी एखादी रेसिपी जमून आली आणि घरच्यांनी ताट चाटून पुसून खाल्लं, तर ती मुळात कोणाची, हे विचारायला हरकत नाही. ती शेजारच्या काकूंची असेल, तर त्यांचं नाव तरी नक्की घ्या.