आल्बेर लामोरिस

आल्बेर लामोरिस (१३ जानेवारी, १९२२:पॅरिस, फ्रान्स - २ जून, १९७०:इराण) हे फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक, निर्माते व पटकथालेखक होते. मुलांना मध्यवर्ती ठेवून त्यांनी काढलेले अल्पसंवादी लघुपट जगभर नावाजले गेले. रिस्क या नावाने प्रसिद्ध असलेल्या पटावरील खेळाचे जनकही तेच होत. हा खेळ १९५७ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम विक्रीस आला.

== चित्रपट कारकीर्द ==

लामोरिस यांनी बिम हा गाढवाच्या पिल्लावरील लघुपट ट्युनिसियातील जेर्बा बेटावर चित्रित केला. त्याचे निवेदन कवी जाक प्रेव्हेर यांनी लिहिले. क्रँ ब्लाँ (१९५३) या चित्रपटात दक्षिण फ्रान्समधील कामार्गच्या दलदलीत राहणारा एक कोळ्याचा मुलगा आणि माणसाळण्यास नकार देणारा पांढरा घोडा यांची मैत्री आहे. घोडेपालकांच्या पाठलागातून सुटण्यासाठी दोघे अखेर समुद्रात शिरतात.

ल बालों रूज (१९५६) या सुमारे ३४ मिनिटांच्या चित्रपटात लामोरिस यांचा मुलगा पास्काल याने प्रमुख भूमिका केली. पॅरिसच्या मेनिलमोंतां भागातील एका मुलाच्या मागे लाल फुगा पाळीव प्राण्यासारखा फिरतो. टवाळ मुले तो फोडतात, तेव्हा शहरातील सारे फुगे एकत्र येऊन त्या मुलाला आकाशात नेतात. या चित्रपटास कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट लघुपटाचा पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. लघुपटांसाठीच्या विभागांबाहेर ऑस्कर मिळवणारा हा एकमेव लघुपट आहे.

== हवाई चित्रण व मृत्यू ==

हेलिकॉप्टरच्या कंपनामुळे दृश्ये हलत. त्यावर उपाय म्हणून लामोरिस यांनी हेलिव्हिजन ही चित्रणपद्धती विकसित केली. बलूनच्या प्रवासावरील त्यांच्या १९६० च्या पूर्ण लांबीच्या चित्रपटात ती वापरली गेली. पुढे इराणवरील माहितीपटाचे हवाई चित्रण करताना करज धरणाजवळ हेलिकॉप्टर कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या टिपणांच्या आधारे पत्नी व मुलाने तो माहितीपट १९७८ मध्ये पूर्ण केला. त्यास ऑस्करचे नामांकन मिळाले.

== पुनःप्रदर्शन ==

क्रँ ब्लाँ व ल बालों रूज यांच्या पुनरुज्जीवित प्रती जेनस फिल्म्स या संस्थेने २००७ मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत एकत्र प्रदर्शित केल्या. त्याच वर्षी तैवानी दिग्दर्शक हौ श्याओ-श्येन यांनी लाल फुग्याला अभिवादन करणारा चित्रपट पॅरिसमध्येच घडवला. संवाद अत्यल्प असल्याने हे दोन्ही लघुपट फ्रेंच न जाणणाऱ्या मुलांनाही सहज समजतात.